आफ्रिकेच्या दक्षिणेतल्या अँग्लिकन बिशपची कारकीर्द मराठीत कशी लिहावी

डेस्मंड टुटू यांच्यावरच्या मराठी लेखांत एक वाक्य हमखास सापडते: ‘आर्चबिशप टुटू यांना १९८४ चा नोबेल शांतता पुरस्कार मिळाला.’ पुरस्कार मिळाला, वर्षही बरोबर आहे. पण तेव्हा ते आर्चबिशप नव्हते. ऑक्टोबर १९८४ मध्ये घोषणा झाली त्या दिवशी ते दक्षिण आफ्रिकेच्या चर्च परिषदेचे सरचिटणीस होते. नोव्हेंबरात जोहान्सबर्गचे बिशप म्हणून त्यांची निवड झाली आणि डिसेंबरात त्यांनी पुरस्कार स्वीकारला. त्या पदाची सूत्रे त्यांनी १९८५ मध्ये हाती घेतली, आणि केप टाउनचे आर्चबिशप ते १९८६ मध्ये झाले. दोन वर्षांत तीन वेगवेगळी पदे, आणि आपण एका शब्दात तिन्ही गुंडाळतो.

गोव्यात असे लेख लिहिणारे बरेच आहेत. दैनिकांच्या रविवार पुरवण्या आहेत, महाविद्यालयांचे अंक आहेत, मराठी विकिपीडियावर नोंदी करणारे आहेत, आणि आजोबा-पणजोबा मोझांबिकला नोकरीला होते म्हणून त्या मुलखाचा इतिहास धुंडाळणारेही आहेत. त्यांच्यासाठी ही कामाची पद्धत. सगळ्याचा गाभा एकच: ‘बिशप झाले’ हे वाक्य लिहू नका. निवड कधी, अभिषेक कधी, गादीवर कधी बसले, धर्मप्रांत (एका बिशपच्या हाताखालचा मुलूख) कधी बदलला, हे वेगळे करा. एवढे केले की निम्म्या चुका आपोआप गळतात.

आधी चर्च ठरवा

नावात ‘बिशप’ आणि ‘दक्षिण आफ्रिका’ असले म्हणून माणूस अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतलाच असेल असे नाही. गोव्यात बिशप म्हटले की डोळ्यांपुढे जुन्या गोव्याचे सॅ कॅथेड्रल येते, म्हणून कॅथलिक-अँग्लिकन घोटाळा इथे सर्वांत सोपा. त्यामुळे नोंद उघडताच पहिली ओळ चर्चची लिहा.

केप टाउनला मुख्य पीठ असलेल्या अँग्लिकन प्रांताची (म्हणजे अनेक धर्मप्रांतांच्या समूहाची) घटना, म्हणजे संविधान, १८७० मध्ये झाली. २००६ पर्यंत त्याचे नाव ‘चर्च ऑफ द प्रॉव्हिन्स’ या शब्दांनी सुरू होई. त्यानंतर ते ‘अँग्लिकन चर्च ऑफ सदर्न आफ्रिका’ झाले. १९७० सालच्या एखाद्या प्रसंगाबद्दल लिहिताना नवे नाव वापरू नका. या प्रांतात दक्षिण आफ्रिका हा एकच देश नाही. लेसोथो, एस्वातिनी, नामिबिया आणि अटलांटिकमधले सेंट हेलेना बेटही त्यात येते. मोझांबिक आणि अंगोला २०२१ पर्यंत याच प्रांतात होते, नंतर त्यांचा स्वतंत्र प्रांत झाला. झिंबाब्वे, झांबिया, मलावी आणि बोट्सवाना मात्र मध्य आफ्रिका प्रांतात येतात. तो प्रांत १९५५ चा. बोट्सवानाचे बिशप खोत्सो माखुलु १९८० पासून २००० पर्यंत त्या प्रांताचे आर्चबिशप होते. त्यांना ‘केप टाउनच्या हाताखालचे’ लिहिणे साफ चूक.

आणखी एक चर्च नावावरून फसवते. ‘चर्च ऑफ इंग्लंड इन साउथ आफ्रिका’ या नावाने जुन्या कागदांत जे दिसते ते इंग्लंडच्या चर्चची शाखा नाही आणि केप टाउनच्या प्रांतातही नाही. त्याची मुळे नाताळमधल्या (हा सण नव्हे, दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची त्या नावाची ब्रिटिश वसाहत) एकोणिसाव्या शतकातल्या फुटीत आहेत. त्याचेही बिशप असतात. तुमचा माणूस त्या यादीतला तर नाही ना, हे पहिल्याच दिवशी तपासा.

तक्ता करा, लेख नंतर

एक कोरा कागद घ्या आणि पाच रकाने आखा: तारीख, काय घडले, कुठे, कोणाच्या हातून, आणि ही माहिती कुठून मिळाली. पाचवा रकाना कधीही रिकामा ठेवू नका. ओळी अशा येतील: जन्म, शिक्षण, डीकनपदाची दीक्षा, धर्मगुरूपदाची दीक्षा, क्युरेट (मदतनीस धर्मगुरू) म्हणून पहिली नेमणूक, रेक्टर (स्थानिक चर्चचा प्रमुख धर्मगुरू), आर्चडीकन किंवा डीन (बिशपखालची वरिष्ठ पदे), बिशपपदी निवड, अभिषेक, अधिष्ठापन (गादीवर बसणे), धर्मप्रांत बदलला असेल तर तो बदल, राजीनामा किंवा निवृत्ती, मृत्यू. एखादी ओळ रिकामी राहिली तर राहू द्या. अंदाजाने भरलेली ओळ पुढे दहा ठिकाणी नकलली जाते, आणि मग ती खोडणे कोणाच्याच हाती राहत नाही.

दीक्षांचा क्रम ठरलेला असतो. आधी डीकन, आणि साधारण वर्षभराने धर्मगुरू. टुटूंच्या बाबतीत १९६० आणि १९६१. ‘१९६० मध्ये पाद्री झाले’ असे लिहिले की ते अर्धवट ठरते, कारण डीकनला प्रभुभोजनाचा विधी चालवता येत नाही, पापक्षमा उच्चारता येत नाही. कोणी म्हणेल, वाचकाला काय फरक पडतो? नोंद वाचून कोणी चर्चच्या दप्तरात शोधायला गेला तर त्याला दोन वेगळ्या नोंदी दिसतील, आणि त्याचा तुमच्यावरचा विश्वास उडेल.

बिशपपदाचा भाग सर्वांत दाट, म्हणून इथे थांबून काम करा.

निवड ही आजच्या दक्षिणेच्या प्रांतात धर्मप्रांताच्या निवडसभेत होते. धर्मगुरू आणि सामान्य सभासद वेगवेगळे मतदान करतात आणि दोन्हीकडे दोन-तृतीयांश मते लागतात. कोणालाच ती मिळाली नाहीत तर निर्णय बिशपांच्या सिनॉडकडे, म्हणजे सभेकडे, जातो. जोहान्सबर्गला १९८४ मध्ये नेमके हेच झाले. सभा अडकली आणि टुटूंचे नाव बिशपांनी ठरवले. केप टाउनसाठी १९८६ मध्ये मात्र सभेनेच त्यांना निवडले. दोन्ही ठिकाणी ‘निवडून आले’ लिहिले तर हा फरक पुसला जातो. पोप कोणाला नेमत नाहीत, आणि कँटरबरीचे आर्चबिशपही नेमत नाहीत. हे वाक्य गोव्याच्या वाचकासाठी एकदा स्पष्ट लिहाच.

अभिषेक आयुष्यात एकदाच होतो. परंपरेने किमान तीन बिशप मिळून हात ठेवतात. टुटूंचा अभिषेक जुलै १९७६ मध्ये लेसोथोचे बिशप म्हणून झाला. १९८५ मध्ये जोहान्सबर्गला आणि १९८६ मध्ये केप टाउनला पुन्हा अभिषेक झाला नाही, अधिष्ठापन झाले. ‘७ सप्टेंबर १९८६ रोजी आर्चबिशपपदाचा अभिषेक’ असे छापलेले दिसले तर ते दुरुस्त करा.

अभिषेकाचे ठिकाण म्हणजे कार्यक्षेत्र नव्हे. केप टाउनचे पहिले बिशप रॉबर्ट ग्रे यांचा अभिषेक २९ जून १८४७ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत झाला, आणि ते केपला पोहोचले फेब्रुवारी १८४८ मध्ये. नाताळचे पहिले बिशप जॉन विल्यम कोलेन्सो यांचा अभिषेक ३० नोव्हेंबर १८५३ चा. १८५४ च्या सुरुवातीला ते नाताळला आले, दहा आठवडे फिरून पाहिले, इंग्लंडला परतले आणि राहायला आले ते १८५५ मध्ये. उलट चार्ल्स मॅकेन्झी यांचा अभिषेक १ जानेवारी १८६१ रोजी केप टाउनलाच झाला, पण त्यांचे काम होते दूर उत्तरेला शिरे नदीच्या खोऱ्यात. तेरा महिन्यांतच, ३१ जानेवारी १८६२ रोजी, ते तिथे वारले. या तिघांच्या तारखा आणि ठिकाणे एका तक्त्यात मांडून पाहिली की वेगळ्या रकान्यांची गरज पटते.

तारीख पडताळण्याची एक सोपी रीत आहे, आणि गोव्याच्या माणसाला ती लगेच साधते. अभिषेक बहुधा रविवारी किंवा संतांच्या सणाला ठेवत. ग्रे यांची तारीख, २९ जून, म्हणजे सां पेद्रूचे फेस्त, आपल्याकडे सांगोडाचा दिवस. कोलेन्सो यांची ३० नोव्हेंबर म्हणजे सेंट अँड्र्यूचा दिवस, वास्कोच्या चर्चचे फेस्त. तुम्हाला मिळालेली तारीख आडवारी पडत असेल आणि त्या दिवशी सणही नसेल, तर ती चूकच असे नाही, पण दुसरा आधार शोधल्याशिवाय छापू नका.

गादी रिकामी असते तेव्हा

एक बिशप गेला की दुसऱ्या दिवशी दुसरा बसत नाही. ग्रे सप्टेंबर १८७२ मध्ये वारले, त्यांचे उत्तराधिकारी विल्यम वेस्ट जोन्स यांचा अभिषेक १८७४ चा. मधली जवळजवळ दोन वर्षे गादी रिकामी होती. यादी करताना ‘१८४७–१८७२’ आणि ‘१८७४–१९०८’ असेच लिहा. दोन आकडे जुळवून घेण्यासाठी मधले वर्ष कोणाच्याही नावावर घालू नका.

वेस्ट जोन्स यांच्यात आणखी एक गुंता आहे. त्याच गादीवर बसलेल्या त्याच माणसाची पदवी १८९७ मध्ये बिशपवरून आर्चबिशप झाली. म्हणून ‘आर्चबिशप ग्रे’ कधीच नव्हते. ते मेट्रोपॉलिटन बिशप होते, म्हणजे इतर धर्मप्रांतांवर अधिकार असलेले.

याच्या उलट प्रकार म्हणजे गादी नसलेला बिशप. टुटूंनी १९७८ मध्ये लेसोथो सोडले आणि चर्च परिषदेचे काम घेतले. १९७८ ते १९८५ या काळात ते बिशपच होते, कारण अभिषेक पुसला जात नाही, पण कुठल्याही धर्मप्रांताचे बिशप नव्हते. ‘१९८० साली लेसोथोचे बिशप टुटू म्हणाले’ हे चूक, ‘बिशप टुटू म्हणाले’ हे बरोबर.

सफ्रगन बिशप म्हणजे धर्मप्रांताच्या मुख्य बिशपला मदत करणारा बिशप. ‘पहिले कृष्णवर्णीय बिशप’ अशी वाक्ये लिहिताना हा भेद विसरू नका. अल्फियस झुलू १९६० मध्ये सेंट जॉन्स धर्मप्रांताचे सफ्रगन झाले, आणि १९६६ मध्ये झुलुलँडचे मुख्य बिशप. संपूर्ण धर्मप्रांताची सूत्रे हाती घेणारे ते या प्रांतातले पहिले कृष्णवर्णीय आफ्रिकी. ‘पहिले’ हा शब्द लिहिला की लगेच पुढे ‘कशातले पहिले’ हे लिहा. एलिना वामुकोया यांच्याबद्दलही हेच. १७ नोव्हेंबर २०१२ रोजी त्यांचा स्वाझिलँडच्या बिशप म्हणून अभिषेक झाला आणि आफ्रिका खंडातल्या त्या पहिल्या महिला अँग्लिकन बिशप ठरल्या. या प्रांतात महिलांना धर्मगुरूपदाची दीक्षा देण्याचा मार्ग १९९२ मध्ये मोकळा झाला होता. बिशप होण्याआधी वामुकोया यांनी मान्झिनी शहराच्या नगर प्रशासनात वरिष्ठ पदावर काम केले होते, तेही तक्त्यात यायला हवे. कारकीर्द म्हणजे फक्त झग्यातली वर्षे नव्हेत.

एकाच गावात दोन बिशप: नाताळचे प्रकरण

हे प्रकरण न समजता एकोणिसाव्या शतकातल्या कोणत्याही बिशपवर लिहू नका. बायबलच्या पहिल्या पाच ग्रंथांवर कोलेन्सो यांनी केलेल्या चिकित्सेवरून ग्रे यांनी १८६३ मध्ये त्यांना पदच्युत केले. कोलेन्सो यांनी दाद मागितली आणि १८६५ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने (वसाहतींतल्या अपिलांचे सर्वोच्च न्यायपीठ) ग्रे यांचा तो अधिकारच अमान्य केला. कारण कायद्याचे होते. दोघांनाही राजाज्ञापत्राने नेमले होते, पण स्वतःचे विधिमंडळ असलेल्या वसाहतीत केवळ राजाज्ञापत्राने दुसऱ्यावर हुकमत चालवण्याचा अधिकार कोणाला मिळत नाही, असे ठरले. त्यामुळे सरकारी दृष्टीने कोलेन्सो नाताळचे बिशपच राहिले, मालमत्तेसह. ग्रे यांच्या बाजूच्या लोकांनी १८६९ मध्ये विल्यम मॅक्रोरी यांचा अभिषेक करवून घेतला, पण त्यांना ‘नाताळचे’ म्हणता येईना, म्हणून पदवी ठेवली ‘मॅरिट्झबर्गचे बिशप’. पीटरमॅरिट्झबर्ग या एकाच गावात दोन बिशप, दोन कॅथेड्रल, दोन दप्तरे. कोलेन्सो १८८३ मध्ये वारले, मॅक्रोरी यांनी १८९१ मध्ये राजीनामा दिला, आणि १८९३ मध्ये आर्थर हॅमिल्टन बेन्स आले तेव्हा बहुतेक लोक पुन्हा एका गादीखाली आले. राहिलेल्यांतून वर सांगितलेले ते वेगळे चर्च पुढे उभे राहिले.

हे मांडताना कोण खरा बिशप याचा निकाल तुम्ही देऊ नका. ‘ग्रे यांच्या सिनॉडच्या मते’, ‘प्रिव्ही कौन्सिलच्या मते’ असे लिहा. आणि कोलेन्सो यांची कारकीर्द एका वादावर संपवू नका. झुलू भाषेचे व्याकरण आणि शब्दकोश त्यांनी केला, ह्लुबी लोकांचे प्रमुख लांगालिबालेले यांच्यावर १८७४ मध्ये चाललेल्या खटल्यात त्यांची बाजू घेऊन गोऱ्या वसाहतवाल्यांचा रोष पत्करला, आणि १८७९ च्या झुलू युद्धाला विरोध केला. आमच्या मते त्यांच्या आयुष्यातला हा भाग धर्मशास्त्राच्या वादाइतकाच, किंबहुना जास्त, मोलाचा आहे. मराठी लेखांत तो बहुधा येतच नाही.

या निकालांचा एक व्यावहारिक परिणाम तुमच्या कामावर होतो. त्यापूर्वीच्या बिशपांचे कागद लंडनला, राजाज्ञापत्रांत आणि सरकारी गॅझेटात सापडतात. १८७० च्या घटनेनंतर शोधायची ती सिनॉडची इतिवृत्ते.

गावांची आणि धर्मप्रांतांची नावे

नियम साधा: ज्या वर्षाबद्दल लिहिता त्या वर्षीचे नाव, आणि पहिल्या उल्लेखाला आजचे नाव. सॉल्सबरी १९८२ मध्ये हरारे झाले. लोरेन्सु मार्किशचे मापुतो १९७६ मध्ये झाले. बासुतोलँड १९६६ मध्ये लेसोथो झाला, स्वाझिलँड २०१८ मध्ये एस्वातिनी, आणि त्याच वर्षी ग्रॅहमस्टाउन शहर मखांडा झाले. धर्मप्रांतांची नावे शहरांच्या मागोमाग बदलतातच असे नाही. हरारेचा धर्मप्रांत १८९१ मध्ये माशोनालँड म्हणून सुरू झाला, काही दशके तो दक्षिण ऱ्होडेशिया होता, पुन्हा माशोनालँड झाला, मग हरारे. कोलिन विंटर १९६८ मध्ये ज्या डामारालँडचे बिशप झाले तो आजचा नामिबियाचा धर्मप्रांत. यादीत दोन वेगळे धर्मप्रांत दिसले तर आधी एकच तर नाही ना, ते पाहा.

सेंट जॉन्स धर्मप्रांताच्या जुन्या नावात ‘काफ्रारिया’ हा भाग होता. त्यातला मूळ शब्द दक्षिण आफ्रिकेत आज गलिच्छ शिवी मानला जातो. अधिकृत पदवी उद्धृत करायची असेल तर एकदाच, आणि एरवी ‘सेंट जॉन्स’ एवढेच लिहा.

धर्मप्रांत बदलत गेलेल्या माणसाचा नमुना म्हणून रॉबर्ट सेल्बी टेलर घ्या. उत्तर ऱ्होडेशिया १९४१ ते १९५१, प्रिटोरिया १९५१ ते १९५९, ग्रॅहमस्टाउन १९५९ ते १९६४, केप टाउनचे आर्चबिशप १९६४ ते १९७४. बरेच लेखक इथे थांबतात. पण १९७९ मध्ये ते निवृत्तीतून परत आले आणि १९८४ पर्यंत मध्य झांबियाचे बिशप राहिले. आर्चबिशपपदानंतर साधी गादी स्वीकारणे शक्य आहे, म्हणून निवृत्तीच्या ओळीनंतरही तक्त्यात जागा सोडा.

सही वाचताना

बिशपची सही पाहून अनेक जण फसतात. बिशप आडनाव लिहीत नाहीत. आधी क्रूसाची खूण, मग पाळण्यातले नाव, मग धर्मप्रांत. ‘डेस्मंड केप टाउन’ ही एका माणसाची पूर्ण सही आहे. जुन्या पत्रांत नाव एका अक्षरावर येते. पत्राच्या खाली ‘आर. केप टाउन’ दिसले तर ते ग्रे, पण तारीख बघा, कारण त्याच गादीवर पुढे रसेल डार्बिशर (१९३८–१९४८) आणि रॉबर्ट सेल्बी टेलरही बसले. फोटोखाली नुसते ‘केप टाउनचे बिशप’ असले तरी आधी तारीख बघा.

माहिती कुठे शोधायची

क्रॉकफर्डची धर्मगुरूंची निर्देशिका १८५८ पासून निघते. त्यात ‘डी ६० पी ६१’ अशी नोंद दिसली तर डीकन १९६० आणि प्रीस्ट १९६१ असे समजा. ‘सी’ म्हणजे क्युरेट, ‘आर’ म्हणजे रेक्टर, ‘व्ही’ म्हणजे व्हिकर. त्यातली बरीच माहिती धर्मगुरूंनी स्वतः कळवलेली असते, त्यामुळे पदांच्या वर्षांसाठी ती चांगली, पण वाद, हद्दपारी, नाराजीचे राजीनामे यांचा त्यात पत्ता लागत नाही. मृत माणूस ताज्या आवृत्तीत नसतो. त्याच्या शेवटच्या काही वर्षांतली आवृत्ती मागा.

प्रांताची मूळ कागदपत्रे जोहान्सबर्गच्या विटवॉटर्सरँड विद्यापीठाच्या हिस्टॉरिकल पेपर्स विभागात आहेत. त्यांच्या याद्या घरबसल्या पाहता येतात. यादी नीट वाचून फायलीचा क्रमांक धरून पत्र पाठवले तर उत्तर मिळण्याची शक्यता वाढते, ‘बिशपबद्दल काय आहे ते पाठवा’ असे लिहिले तर नाही. मिशनऱ्यांची जुनी पत्रे ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आणि कँटरबरीच्या आर्चबिशपांशी झालेला व्यवहार लंडनच्या लॅम्बेथ पॅलेस ग्रंथालयात मिळतो.

आता गोव्याच्या हातातले बळ. दक्षिण मोझांबिकच्या लेबोम्बो धर्मप्रांतावर काम करायचे तर पोर्तुगीज हवी, आणि ती वाचणारे कोणी ना कोणी आपल्या ओळखीत असतेच. या धर्मप्रांताचे पहिले बिशप विल्यम एडमंड स्मिथ (१८९३–१९१२) इंग्रज, १९६८ ते १९७६ पर्यंतचे डॅनियल द पिना काब्राल पोर्तुगीज, आणि १९७६ ते २०१४ एवढा प्रदीर्घ काळ गादीवर असलेले डिनिस सेंगुलाने मोझांबिकचे. स्मिथ यांच्यासाठी इंग्रजी कागद पुरतील. इतर दोघांसाठी नाही. सेंगुलाने यांनी यादवी थांबवण्याच्या वाटाघाटींना हातभार लावला आणि १९९५ पासून बंदुका देऊन शेतीची अवजारे घ्या अशी मोहीम चालवली. पणजीला पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात जुनी पोर्तुगीज वृत्तपत्रे आहेत, पर्वरीच्या झेवियर सेंटरमध्ये पोर्तुगीज साम्राज्याच्या इतिहासाची पुस्तके. १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्यातून चालत होता, ही पार्श्वभूमी एका वाक्यात द्या, पण तिचा अँग्लिकन चर्चशी संबंध जोडू नका. ती कॅथलिक सत्तेची गोष्ट आहे.

अँग्लिकनांचा भारताशी दुवा वेगळाच निघतो. केपला स्वतःचा बिशप येण्याआधी, कलकत्त्याला निघालेले बिशप जहाज केपला थांबले की उतरून तिथल्या लोकांना दृढीकरणाचा संस्कार देत. १८४७ पूर्वीची एखादी नोंद कलकत्त्याच्या बिशपच्या नावे दिसली तर ती छपाईची चूक समजू नका.

कुटुंब, आणि वर्णभेदाची वर्षे

अँग्लिकन बिशप विवाहित असू शकतो. गोव्याच्या वाचकासाठी हे एकदा सांगा आणि पुढे जा. मात्र पत्नीचे काम तक्त्यात घ्या. सोफिया ग्रे यांनी केप वसाहतीतल्या कितीतरी चर्चचे आराखडे स्वतः काढले. नवऱ्याच्या नोंदीत ‘पत्नी सोफिया’ एवढेच लिहिणे अन्याय आहे. सेल्बी टेलर यांच्यासारखे अविवाहितही होते.

वर्णभेदाच्या काळातल्या बिशपांवर लिहिताना भावना आवरू नका, पण कृती, तारीख आणि परिणाम वेगळे ठेवा. जेफ्री क्लेटन हे सावध, सबुरीने चालणारे आर्चबिशप. चर्चमध्ये कृष्णवर्णीयांना येण्यापासून रोखू शकणाऱ्या कायद्याला आपण आपल्या लोकांना मानायला सांगू शकत नाही, अशा पत्रावर त्यांनी १९५७ च्या राखेच्या बुधवारी सही केली आणि दुसऱ्याच दिवशी, ७ मार्चला, ते वारले. जोहान्सबर्गचे बिशप अँब्रोझ रीव्ह्ज यांनी २१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिलला झालेल्या गोळीबाराची माहिती जगापुढे आणली. त्यात ६९ माणसे मारली गेली होती. त्याच वर्षी सरकारने त्यांना हद्दपार केले, पण राजीनामा १९६१ चा. म्हणजे हद्दपारीनंतरही काही काळ ते जोहान्सबर्गचे बिशपच होते. कोलिन विंटर यांचे आणखी वेगळे. १९७२ मध्ये त्यांना नामिबियातून घालवून दिले, तरी त्यांनी पद सोडले नाही आणि १९८१ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते परदेशातून बिशप राहिले. अशा नोंदीत ‘कार्यकाळ’ आणि ‘प्रत्यक्ष वास्तव्य’ असे दोन रकाने करा.

ट्रेव्हर हडलस्टन यांचे नाव इथे हमखास घुसते. जोहान्सबर्गच्या सोफियाटाउन वस्तीतले त्यांचे काम (१९४३–१९५६) धर्मगुरू म्हणून झाले. बिशप ते १९६० मध्ये आजच्या टांझानियातल्या मासासीचे झाले, नंतर लंडनला स्टेपनीचे सफ्रगन, नंतर मॉरिशसचे. दक्षिण आफ्रिकेतल्या धर्मप्रांतांच्या यादीत त्यांना घालू नका.

नावांचे लेखन

सोथो, झुलू, खोसा भाषांत महाप्राण आहेत, त्यामुळे देवनागरीची चांगली सोय होते: माखुलु, थाबो. अनुनासिकाने सुरू होणारी नावे तोडू नका, न्डुंगाने असेच लिहा. योस्ट डी ब्लँक हे डच वळणाचे नाव, ‘जूस्ट’ नव्हे. एकदा ठरवलेले रूप लेखभर तेच ठेवा, आणि मराठी वृत्तपत्रांत रुळलेले रूप असेल (टुटू, म्बेकी) तर ते बदलू नका.

मसुदा आणि फोटो

सहाशे ते आठशे शब्दांची नोंद पुरते. पहिल्या वाक्यात नाव, जन्म-मृत्यूची वर्षे, चर्च आणि सर्वांत मोठे पद. दुसऱ्यात सर्व गाद्या, वर्षांसह. मग ज्या एका गोष्टीसाठी हा माणूस आठवला जातो तिला निम्मी जागा द्या, आणि बालपणाला तीन-चार ओळींहून जास्त नको. तयार मसुदा तक्त्याशी ओळीगणिक ताडून पाहा, आणि हे काम दुसऱ्या माणसाकडून करवून घ्या.

फोटो निवडताना पोशाख पाहा. एकोणिसाव्या शतकातले अँग्लिकन बिशप फोटोत बहुधा मुकुटाशिवाय, फुगीर पांढऱ्या बाह्या आणि वर काळ्या अंगरख्यात दिसतात. त्या काळच्या चित्रात उंच मुकुट आणि हातात दंड असेल तर तो माणूस कॅथलिक तर नाही ना, हे तपासा. विसाव्या शतकात हा फरक उरत नाही, तेव्हा फोटोमागची मूळ ओळच आधार. भारतीय कायद्याने २०१२ च्या दुरुस्तीपासून फोटोचा स्वामित्वहक्क छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे चालतो, म्हणून टुटूंचे बहुतेक सगळे फोटो परवानगीशिवाय छापता येणार नाहीत, ग्रे आणि कोलेन्सो यांची त्या काळी छापलेली चित्रे मात्र खुशाल वापरा आणि कुठून घेतली ते चित्राखाली लिहा.